नेरे लाईनीचा हात

नेरे, २६ मार्च १९९५

काशीराम,

वर आशीर्वाद लिहा, असं तुझी बहीण कुमुद शेजारी बसून सांगतेय. वयानं आणि नात्यानं मी तुझा भावजी, तेव्हा द्यायलाच पाहिजे. दिला असं समज. मनापासून दिलेला नाही, हेही समज.

हे पत्र मी स्वतःहून लिहीत नाही. तू महाडला गेल्याला महिना झाला आणि तुझी तीन कार्डं कुमुदच्या नावानं आली. तिन्ही मी वाचली. गॅरेजवाला बरा आहे, खोली मिळाली, पाण्याचे हाल नाहीत, आईच्या गुडघ्याला तेल लाव. शेजारच्या म्हशीचीसुद्धा चौकशी आहे. माझं नाव कुठंच नाही. तिसऱ्या कार्डात 'घरचे सगळे बरे असतील' असं आहे, त्या सगळ्यांत मी येतो का, हे मी कुमुदला विचारलं. ती बोलली, तुम्हीच विचारा त्याला. म्हणून हे पत्र.

मी बरा आहे. टमटम दुरुस्त होऊन आली, पुढची काच नवी बसवली. स्टँडवर रोज कोणीतरी तुझं विचारतो. काशीराम असता तर नंबरावरून भांडण झालं नसतं, काशीराम असता तर आरटीओच्या साहेबांकडे अर्ज नीट लिहिला असता. माणूस वर गेल्यावर त्याचे गुण गातात ते मला समजतं. पण तू महाडला गेलायस. भगवान तर परवा माझ्यासमोर बोलला की तुझ्यासारखा हात या लाईनीवर कोणाचा नाही. हा भगवान गाडी कोणाकडे शिकला? माझ्याकडे. तू कोणाकडे शिकलास? तेही लिहायला नको.

तुला माझा राग आला असेल तर तो चुकीचा आहे. मी साहेबांसमोर काय सांगितलं ते लोकांनी तुला तिखटमीठ लावून सांगितलं असणार, म्हणून माझा जबाब जसाच्या तसा उतरवून पाठवतो. कारकुनानं लिहिलेला आहे, भाषा त्याची आहे:

'मी, दयाराम घरत, वय ३९, राहणार नेरे, सहा आसनी रिक्षा चालक, लिहून देतो की दिनांक १५ फेब्रुवारी १९९५, बुधवार रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी पनवेलहून नेऱ्याकडे जात असता माझ्या पुढे काशीराम यांची सहा आसनी रिक्षा प्रवाशांनी भरून चालली होती. माझ्या गाडीत एकच प्रवासी होता. काशीराम यांनी उजवा हात बाहेर काढून मला पुढे जाण्याचा इशारा दिला. त्यावरून मी पुढे निघालो असता त्यांनी गाडी अचानक उजवीकडे गावात वळविली. त्यामुळे टक्कर होऊन त्यांच्या गाडीतील मासळी विक्रेती गुणाबाई, राहणार उरण, हिचा उजवा हात मोडला.'

यात खोटं काय आहे? तुझी गाडी भरलेली, माझी रिकामी. भरलेल्यानं रिकाम्याला पुढं सोडायचं, म्हणजे पुढच्या थांब्यावरच्या शिटा त्याला मिळतात, हा आपल्या लाईनीचा रिवाज. बाकीचे लोक साईड देणं म्हणतात, आपण हात देणं म्हणतो. हा रिवाज मी पाडला, तू तेव्हा अर्ध्या चड्डीत फिरत होतास. तू हात बाहेर काढलास. मी काय समजायचं?

गुणाबाईचं वाईट वाटतं. पण तुझी बॅच जमा झाली, गाडी चालवायची बंद झाली, याला मी काय करू?

दयाराम


नेरे, ९ एप्रिल

काशीराम,

चौथं कार्ड आलं. कुमुदला. माझ्या पत्राचा त्यात 'प' सुद्धा नाही. टपाल हरवलं म्हणावं तर तुझं काही हरवत नाही.

ठीक आहे. तू बोलू नकोस, मी बोलतो. कुमुद आज माहेरी, म्हणजे तुझ्याच घरी गेलीय, तेव्हा जरा मोकळं लिहितो.

माझ्या पोटात जानेवारीपासून दुखतंय. तुला ठाऊक आहे कुठल्या दिवसापासून. रस्ता सुरक्षा सप्ताह झाला, साहेब स्टँडवर आले आणि बोलले की टमटमवाले, रिक्षावाले, टेम्पोवाले सगळ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये दुपारी दोन ते चार वर्गाला बसायचं. पंधरा दिवस. मी पहिल्याच दिवशी बोललो की सतरा वर्षं गाडी चालवतोय, ओरखडा नाही, मला काय शिकवणार? साहेब हसले. बोलले, तुमच्यासारख्यांमधूनच एक मास्तर निवडायचा आहे, तो पुढच्या तुकड्यांना शिकवील.

तेव्हापासून मी रोज गेलो. कपडे इस्त्री करून गेलो. हे मी कुमुदलाही सांगितलं नाही, पण मला वाटलं होतं की मास्तर मीच. दुसरा कोण होता? नेऱ्याच्या माळावर उधारीच्या टेम्पोवर अर्ध्या लाईनीला क्लच दाबायला मी शिकवलं. तू पहिल्या दिवशी गाडी बांधावर चढवलीस आणि रडायला लागलास, तेव्हा तुझ्या पाठीवर हात कोणी ठेवला होता?

शेवटच्या दिवशी साहेबांनी नाव वाचलं. तुझं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तुझ्या दंडावर पांढरी पट्टी बांधली आणि तू पहिला माझ्या पाया पडलास. लोक बोलले, बघा किती नम्र. मला त्या वेळी तुला लाथ घालावीशी वाटली. काशीराम, खरं सांगतो, तू जर मिजास केली असतीस ना, तर माझं दुखणं एवढं वाढलं नसतं. तू चांगला वागलास, ते मला जास्त लागलं.

घरी आलो तर कुमुदनं खीर केलेली. माझी बॅच आली त्या दिवशी तिनं काय केलं होतं, हे मी तिला विचारलं. ती बोलली, तेव्हा आपलं लग्न झालं नव्हतं. तरी मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

मग तुझे वर्ग सुरू झाले. मला तुकडीत बसायची गरज नव्हती, पण तिसऱ्या दिवशी मी गेलो. आत नाही, बाहेर खिडकीशी उभा राहिलो. बघायला की तुला कितपत जमतं. तू फळ्यावर माणूस काढला होतास, वेडावाकडा. त्याचा उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर. तू विचारलंस, नेरे लाईनीवर या हाताचा अर्थ काय? सगळे बोलले, पुढं जा. तू बोललास, पुस्तकात याचा अर्थ आहे मी उजवीकडे वळतोय. आणि मग तू बोललास, "आपल्या लाईनीवरचा हा हात आजपासून बंद. या हातानं एक दिवस माणूस मरेल."

वीस माणसं खिडकीकडे बघायला लागली. माझ्याकडे. कारण तो हात कोणाचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिथून निघालो तो थेट गाडी घेऊन घरी. पाच शिटा स्टँडवर थांबल्या होत्या, त्यांनाही घेतलं नाही.

आता बोल, माझ्या जागी तू असतास तर?

दयाराम


पनवेल, रिक्षा स्टँड, ३० एप्रिल

काशीराम,

गुणाबाई परत लाईनीवर आली. शुक्रवारी. प्लास्टर निघालंय पण बोटं मिटत नाहीत. पाटी डोक्यावर घ्यायला तिला दोन माणसं लागतात, एक उचलायला आणि एक तिच्या शिव्या खायला.

माझा नंबर होता. मला वाटलं ती मागच्या गाडीत बसेल. बसली नाही. पाटी माझ्याच गाडीत ठेवायला लावली आणि माझ्या शेजारच्या शिटावर बसली. बाकीच्या बायका मागं कोंबून बसल्या, पुढं आम्ही दोघं. नाक्याबाहेर पडलो. मला वाटलं सुटलो.

मग ती बोलली, "दयाराम, मना एक सांग. काशीचा हात हलत होता का नुसता बाहेर होता?"

मी बोललो, हात बाहेर होता.

"मी त्याच्या मागंच बसलेली. मी पण बघितला. तू सांग ना, हलत होता का?"

मी बोललो, बाई, रस्ता बघू दे.

साहेबांनी तिचा जबाब घेतलाच नव्हता, कारण ती तेव्हा दवाखान्यात गुंगीत होती. नंतर कोणी विचारायला गेलं नाही, कारण सगळं मिटलं होतं. उतरताना तिनं डाव्या हातानं पाटीची कड धरली आणि मी उजवी बाजू धरली. मासळीचं पाणी माझ्या इस्त्रीच्या बाहीवर सांडलं. तिनं माफी मागितली नाही.

स्टँडवर आल्यावर ती कटकट भगवानला सांगितली. मला वाटलं तो बोलेल, म्हातारीला काय कळतंय. तर तो बोलला, "दयारामदादा, तुमी त्या दिवशी खिडकीतून अर्ध्यात का गेलात?"

मी बोललो, अपमान ऐकायला थांबायचं होतं का?

भगवाननं मग जे सांगितलं ते तू मला स्वतः का नाही सांगितलंस? तू फळ्यावर दुसरा माणूस काढलास म्हणे. त्याचाही उजवा हात बाहेर, पण मागून पुढे हलणारा, दोन बाण काढून दाखवलेला. आणि तू बोललास की हा बघा, मागच्याला पुढं सोडायचा हात, हासुद्धा पुस्तकात आहे, आणि आपल्या लाईनीवर तो माझ्या भावजींनी पुस्तक न वाचता आणला. भावजी हात हलवायचे. मी लहान असताना बघितलंय. आपण आळशी झालो, हलवायचं सोडलं, नुसता बाहेर काढून ठेवायला लागलो. चूक भावजींची नाही, आपली आहे.

मी चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला आणखी राग आला. तू मला वीस माणसांसमोर मोठा केलास आणि तेही माझ्या पाठीमागं. मी तुझ्याबद्दल पाठीमागं काय काय बोललो ते मला आठवलं.

आणि एक गोष्ट खरी आहे. मीसुद्धा कधीपासून हलवायचं सोडलं, मला माहीत नाही.

दयाराम


नेरे, १४ मे

काशीराम,

हे पत्र कुमुदनं वाचलेलं नाही. तूही वाचून झालं की काय करायचं ते कर.

हात हलत नव्हता.

सरळ बाहेर होता, खांद्यातून, पंजा पुढं केलेला, तू फळ्यावर काढलास तसा. मला तो हात ओळखीचा होता. खिडकीतून मी अर्धंच ऐकलं असेल, पण जे ऐकलं त्यात हाच हात होता. वर्ग सुरू झाल्यापासून तू लाईनीवर कोणाला तो आळशी हात दिला नव्हतास, हेही मला माहीत होतं. मी तुझ्यावर बारीक लक्ष ठेवून होतो. तू कुठं चुकतोस ते बघत होतो, महिनाभर, आणि तू चुकत नव्हतास.

त्या दिवशी स्टँडवर काय झालं ते तुला माहीत नाही. तुझी गाडी भरली, मागं माझा नंबर. दोन बाया माझ्या गाडीजवळ येऊन विचारायला लागल्या, ही मास्तरची गाडी का? मी बोललो, नाही. त्या पुढं गेल्या आणि तुझ्या गाडीत जागा नसताना अंग चोरून बसल्या. माझी सगळी गाडी रिकामी. एक म्हातारा बसला, तोही बहिरा. म्हणून मी रिकामा होतो काशीराम, धंदा नव्हता म्हणून नाही.

मी मागून येत होतो. तू वेग कमी केलास. गावाचा फाटा आला होता, गुणाबाई तिथंच उतरते हे मला माहीत आहे, आठवड्यातून तीन दिवस मीही तिला तिथंच सोडतो. हात बाहेर आला. मला कळलं. अर्ध्या क्षणात कळलं की तू वळतोयस.

आणि मला वाटलं, हा मास्तरचा हात. आपण आपला हात समजायचा. लाईनीचा हात जुना आहे की याचा? हॉर्न मारत शेजारून जाऊ, याला कचकन ब्रेक दाबायला लावू, गाडीतल्या सगळ्या बायांसमोर. उतरून शिव्या देऊ, की हात दिलास आणि वळतोस काय, हे शिकवतोस काय लोकांना? तेवढंच हवं होतं मला. कोणाचा हात मोडावा असं मनात नव्हतं. पण तुझं नाक कापावं, हे होतं, पूर्ण होतं.

तू ब्रेक दाबला नाहीस, कारण तुझा हात बरोबर होता आणि मागचा थांबेल हा तुझा भरवसा होता. आणि मागचा मी होतो.

टक्कर झाल्यावर तू पहिला माझ्याकडे पळत आलास. गुणाबाई ओरडत होती तरी आधी माझ्याकडे, भावजी लागलं का, म्हणून. मी तुला बोललो, हात का दिलास? तू माझ्याकडे बघितलंस. मग गुणाबाईकडे गेलास. तुझं ते बघणं मला रोज आठवतं आणि रोज मी मनात तुला शिव्या देतो की असा बघू नकोस.

जबाबात मी जे लिहून दिलं ते खोटं आहे. पेणला साहेबांकडे जाऊन हे सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही. लायसन जाईल. ते गेलं तर स्टँडवर मी कोण? तूच सांग, मी जाऊ का?

दयाराम


नेरे, ११ जून

काशीराम,

तुझं कार्ड आलं. पहिल्यांदा माझ्या नावानं. 'भावजी, ते पत्र मी फाडलं. तुम्ही कुठं काही सांगू नका. काशीराम.' एवढंच.

मी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं, राग आहे. मला वाटलं, हा मला आता माफ करून आणखी मोठा होणार. मला वाटलं, याला वाटतंय दयारामच्यात तेवढी छाती नाही. मग मी ठरवलं की जायचंच. खरं लिहितो, तुझ्यावर दया येऊन नाही, तुझ्यावर मात करायला निघालो होतो. एक तरी गोष्ट अशी, जी दयारामनं केली आणि काशीरामला जमली नसती.

एक तारखेला, गुरुवारी, पेणला गेलो. साहेब होते. मी बोललो, पंधरा फेब्रुवारीच्या अपघाताचा माझा जबाब खोटा आहे, बदलून घ्या. साहेबांनी फाईल मागवली. बसा बोलले. मग माझ्या जबाबाच्या खालचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

तुझं अक्षर मला ओळखू येतं. 'मी मागील चालकास पुढे जाण्याचा इशारा दिला होता व नंतर विसरून गाडी वळविली. मागील चालकाचा काहीही दोष नाही.' खाली सही, अठरा फेब्रुवारी. माझ्या जबाबानंतर दोन दिवसांनी.

साहेब बोलले की त्यांना माझ्या जबाबाचा पहिल्यापासून संशय होता. जो माणूस हा हात बंद करा म्हणून शिकवतो, तो स्वतः तो हात देईल का? त्यांनी तुला बोलावून दोनदा विचारलं. तू विचारलंस म्हणे, जबाब खोटा निघाला तर भावजींचं काय होईल? साहेबांनी सांगितलं, लायसन जाईल. तेव्हा तू कागद मागितलास.

काशीराम, मी तिथं खुर्चीवर बसलो होतो आणि मला तुझी एवढी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. इथंही तू माझ्या आधी नंबर लावलास. चार महिने मी या कारणानं झोपलो नाही की तुझी बॅच माझ्या खोट्यानं गेली, आणि ती तर तुझ्याच खोट्यानं गेलेली. माझं पाप करायलाही मला एकट्याला सोडलं नाहीस. आणि वर गुपचूप महाडला जाऊन बसलास, म्हशीची चौकशी करत.

साहेब बोलले, दोघांचं जुळतंय, फाईल बंद आहे, घरी जा. माझ्या मनात आलं, जावं. दारापर्यंत गेलोसुद्धा.

मग परत आलो. बोललो, नवा जबाब लिहून घ्या. हात सरळ होता, मला त्याचा अर्थ माहीत होता, आणि मी मुद्दाम गाडी घातली. कारकून थांबला, साहेबांकडे बघायला लागला. साहेब बोलले, 'मुद्दाम' लिहू का? मी बोललो, लिहा. का केलं तेही लिहा, विचारलं नाही तरी. मला मास्तर व्हायचं होतं म्हणून. कारकुनानं ते लिहिलं नाही, बोलला की त्याला रकाना नाही.

लायसन सहा महिने बंद. बॅच मी स्वतः काढून टेबलावर ठेवली. तुझी बॅच तुझ्या सहीनं परत मिळेल, माणूस स्वतः यायला लागतो.

घरी येऊन कुमुदला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती रात्रभर रडेल असं वाटलं होतं. ती बोलली, "मना म्हाईत होतं." कुठून, ते सांगत नाही. तुझ्या कार्डांतून तर नसेल, ती मी वाचलीत. दहा दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलू दे, मी यापेक्षा कमी गोष्टीवर दोन दिवस अबोला धरला होता.

गुणाबाईलाही सांगितलं. ती काय करील याचा मला नेम नव्हता. ती बोलली, मग पाटी उचल. आता टमटम भगवान चालवतो आणि बुधवार, शुक्रवार, रविवार मी फाट्यावर उतरून तिची पाटी घेऊन गावात फिरतो. पावसाळ्यामुळं बोटी बंद झाल्यात, तेव्हा सुकं असतं, बोंबील, जवळा. ती पुढं हाळी देत चालते, मी मागं पाटी घेऊन. पहिल्या दिवशी पोरं हसली. दुसऱ्या दिवशी बायका दारात आल्या बघायला. तिचा धंदा वाढलाय, असं ती बोलते. तिचा हात पूर्ण मिटणार नाही असं डॉक्टर बोललाय. ते मला ती रोज आठवण करून देत नाही, पण पाटी उतरवताना मी त्या बोटांकडे बघतो.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र.

लायसन परत मिळायला एक अट आहे. पंधरा दिवसांचा वर्ग पूर्ण करायचा, शेवटी परीक्षा. मी साहेबांना विचारलं, वर्ग कोण घेणार? ते बोलले, काशीराम आला तर काशीराम, नाहीतर पुण्याहून एक जण येतोय, चांगला शिकलेला आहे, फिल्म दाखवून शिकवतो.

मी बोललो, दुसरा नको.

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. पुण्याचा माणूस बरा होता. तो मला ओळखत नाही, त्याच्यासमोर पाठ ताठ ठेवून पंधरा दिवस काढता आले असते. तुझ्यासमोर बाकावर बसायचं, वहीत हात काढायचे, भगवानच्या शेजारी, ज्याला मी शिकवलं. तू प्रश्न विचारणार, मी उभा राहून उत्तर देणार, चुकलो तर तू 'भावजी, बसा' म्हणणार, तेही गोड आवाजात. यापेक्षा मोठी शिक्षा साहेबांच्या पुस्तकात नाही, हे साहेबांना माहीत नाही. तुला माहीत आहे.

मी जळणार आहे, काशीराम. हे बरं होणारं दुखणं नाही. तू फळ्याकडे वळलास की माझ्या मनात येईल की हे मी जास्त चांगलं शिकवलं असतं. पण महाडला बसलेल्या माणसावर जळून मी थकलो. समोर ये, समोर जळू दे.

वर्ग तीन जुलैला सुरू होतोय, दुपारी दोन वाजता. माझं नाव मी यादीत पहिलं घातलंय. मास्तरच्या नावाची ओळ साहेबांनी रिकामी ठेवलीय.

दयाराम